वर्गातील शरीरभान : स्नायुसंवेदनेच्या शिक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

'ज्ञानेंद्रियांचे शिक्षण' हा शब्दप्रयोग आपल्या अध्यापक विद्यालयांतून अनेक दशके रूढ आहे. तो उच्चारताच रंगांच्या पट्ट्या, आवाजाच्या डब्या, खरखरीत व गुळगुळीत पृष्ठांचे तक्ते डोळ्यांपुढे येतात. तथापि ज्या संवेदनेवाचून मूल यांपैकी एकही वस्तू नीट उचलू शकणार नाही, त्या संवेदनेला या यादीत क्वचितच स्थान मिळते. आपला हात कोठे आहे, गुडघा किती वाकला आहे, उचललेली वस्तू जड आहे की हलकी, शरीराचा तोल कोणत्या बाजूस जात आहे, हे डोळ्यांनी न पाहता कळणे म्हणजेच शरीरभान होय. स्नायू, स्नायुबंध व सांधे यांच्याकडून येणारी स्नायुसंवेदना आणि अंतःकर्णाकडून येणारी तोलसंवेदना हे त्याचे प्रमुख आधार आहेत.

या संवेदनांना वळण देणाऱ्या कृती वर्गात केव्हा आल्या, कोणी आणल्या आणि कोणत्या कारणांनी मागे पडल्या, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हा इतिहास पाहता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शरीरभानाला शाळेने विरोध असा फारसा कधी केला नाही. त्याला दुसऱ्याच एखाद्या कामाला मात्र वारंवार जुंपले. कधी शिस्तीसाठी, कधी राष्ट्राच्या आरोग्यासाठी, तर कधी वाचन सुधारावे म्हणून. जेथे ते स्वतःच शिकण्याचा विषय मानले गेले, असे प्रसंग मोजके आहेत. परंतु अभ्यासकाला शिकण्याजोगे बरेच काही त्यांतच आहे.

नाव नसलेली संवेदना

संवेदना पाच, ही गणना पौर्वात्य व पाश्चात्त्य अशा दोन्ही परंपरांत दृढ आहे. ॲरिस्टॉटलने आत्म्याविषयीच्या आपल्या ग्रंथात पाचांहून अधिक इंद्रिये नाहीत असे प्रतिपादन केले. सांख्य विचारात पाच ज्ञानेंद्रिये व पाच कर्मेंद्रिये अशी विभागणी असून हात आणि पाय यांची गणना कर्मेंद्रियांत होते. तत्त्वज्ञानाच्या पातळीवर या विभागणीला स्वतःचे प्रयोजन आहे, हे मान्यच करावे लागेल. शाळेत मात्र तिचा सोयीस्कर अर्थ लावला गेला. डोळे आणि कान जाणतात, हातपाय करतात. जाणण्याचे काम वर्गात चालावे, करण्याचे मैदानावर. हातपायही जाणतात, ही गोष्ट या वाटणीत कोठेच बसत नाही.

शरीरशास्त्राने ही उणीव एकोणिसाव्या शतकात भरून काढण्यास आरंभ केला. इ. स. १८२६ मध्ये सर चार्ल्स बेल यांनी रॉयल सोसायटीपुढील निबंधात मेंदू व स्नायू यांच्यात दुहेरी वाहतूक असते असे मांडले. मेंदूची आज्ञा स्नायूकडे जाते आणि स्नायूच्या स्थितीची वार्ता मेंदूकडे परत येते. हेन्री चार्लटन बास्टियन यांनी १८८० मध्ये या संवेदनेसाठी 'किनेस्थेसिस' हा शब्द वापरला, तर चार्ल्स शेरिंग्टन यांच्या १९०६ च्या ग्रंथामुळे 'प्रोप्रिओसेप्शन' ही संज्ञा स्थिरावली. त्याच सुमारास तोलसंवेदनेचाही उलगडा होत होता. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांवरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्पर्श व शरीरस्थिती यांची जाणीव पेशींच्या पातळीवर कशी घडते याचे एक महत्त्वाचे सूत्र 'पिझो-२' या प्रथिनाच्या शोधातून हाती आले आणि त्याचे संशोधक आर्डेम पॅटापूटियन हे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. इतक्या मूलभूत संवेदनेचे रहस्य आपल्या डोळ्यांदेखत उलगडावे, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

ही संवेदना नसेल तर काय होते? इंग्लंडमधील इयान वॉटरमन या तरुणाची हकीकत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालील शरीराची स्पर्शसंवेदना व स्थितीची जाणीव तो गमावून बसला. स्नायूंत बळ होते. पण हात कोठे आहे हे हाताकडे पाहिल्याशिवाय त्याला कळेना. प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत आणि मनाने आखत तो पुन्हा चालावयास शिकला. दिवे गेले की मात्र कोसळून पडण्याची पाळी येई. निरोगी मनुष्याला जे फुकट मिळालेले असते त्याची किंमत या एका उदाहरणावरून ध्यानात यावी.

दवाखान्यातून वर्गाकडे

शरीरभानाच्या पद्धतशीर शिक्षणाचा उगम सर्वसामान्य मुलांच्या शाळेत झाला नाही. १८०० मध्ये फ्रान्समधील अवेरों प्रांतात एक रानटी अवस्थेतील मुलगा सापडला. पुढे त्याला व्हिक्टर हे नाव मिळाले. ज्यां इटार्ड या तरुण वैद्याने त्याच्यावर काही वर्षे परिश्रम घेतले आणि त्यांचा पहिला वृत्तांत १८०१ मध्ये प्रसिद्ध केला. इटार्डचा भर प्रामुख्याने त्वचा, कान व डोळे यांच्यावर होता. त्यांचे शिष्य एदुआर सेग्विन यांनी हा क्रम बदलला. मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांच्या शिक्षणावरील त्यांचा मोठा ग्रंथ १८४६ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. स्नायूंच्या शिक्षणापासून इंद्रियांकडे, इंद्रियांपासून कल्पनांकडे आणि तेथून नैतिक जीवनाकडे, अशी त्यांची चढण होती. शिड्या, झोपाळे, तोल सांभाळण्याची साधने ही त्यांच्या शाळेतील नित्याची सामग्री होती. त्यांच्या एका झोपाळ्याची बैठक इतकी रुंद होती की मुलाचे पाय तिच्यावर संपूर्ण टेकत. झोका समोरच्या भिंतीशी गेला की पायांनी भिंतीला रेटा द्यावयाचा. दुबळ्या पायांना येथे बळाबरोबर रेट्याची जाणीवही मिळे, आणि शरीराचा भार पेलण्याची सक्ती नसे.

मारिया माँटेसरी यांनी इटार्ड व सेग्विन यांचे लेखन स्वहस्ते उतरवून काढले होते, ही गोष्ट त्यांनी स्वतःच नमूद केली आहे. त्या आग्रहामागे केवळ विद्वत्तेची हौस नव्हती. जी पद्धती मंदबुद्धी मुलांना इतके पुढे नेते, ती सुदृढ मुलांना का देऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले आणि त्या प्रश्नाला प्रयोगाचे रूप आले.

तेथील कृतींकडे इतिहासाच्या दृष्टीने बारकाईने पाहिले पाहिजे, कारण पुढील शतकभर बालवाड्यांतून त्यांचीच आवर्तने होत राहिली. जमिनीवर लंबवर्तुळाकार रेघ काढलेली असे. मुलाने त्या रेघेवरून, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या बोटांना लावत चालावयाचे. ते साधले की हातात काठोकाठ भरलेला पेला घेऊन, किंवा घंटा वाजू न देता चालावयाचे. घंटा वाजली तर शिक्षिकेने बोलण्याची गरजच नसे. चूक घंटेने सांगितलेली असे. वजनाच्या पट्ट्यांच्या खेळात एकाच आकाराच्या, पण निरनिराळ्या लाकडांच्या तीन जातींच्या पट्ट्या डोळे मिटून तळहातावर तोलावयाच्या असत. डोळे बांधून वस्तू चाचपून ओळखण्याच्या कृतीत स्पर्श आणि बोटांची हालचाल दोन्ही एकत्र येत आणि माँटेसरी यांनी हे मिश्रण स्वतंत्रपणे ओळखलेले दिसते. खरकागदाची अक्षरेही याच कुळातील. मुलाचे बोट अक्षराच्या वळणावरून फिरते तेव्हा डोळा आकार पाहतो आणि हात त्या आकाराची वाट लक्षात ठेवतो. लेखन वाचनाच्या आधी येण्याचा जो चमत्कार सान लोरेन्झोमध्ये गाजला, त्याचे मूळ या हाताच्या स्मरणात होते.

मौनाचा खेळ हा या साऱ्यांचा कळस मानावा लागेल. माँटेसरी यांनी एकदा चार महिन्यांचे तान्हे मूल वर्गात आणले आणि ते किती निश्चल आहे, याच्याइतके स्तब्ध तुम्हांला राहता येईल का, असे मुलांना विचारले, अशी त्या खेळाची जन्मकथा आहे. पुढे त्याला नियम आले. मुलांनी पाय, हात, श्वास सांभाळत निश्चल बसावयाचे. शिक्षिका पलीकडच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजणार. ज्याचे नाव येईल त्याने खुर्चीचा आवाज न करता उठून जावयाचे. 'हाताची घडी, तोंडावर बोट' आणि हा खेळ यांच्यातील भेद आपल्या अनेक शिक्षकांच्या अद्याप ध्यानात आलेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते. पहिल्यात स्तब्धता बाहेरून लादलेली असते. दुसऱ्यात मूल स्वतःच्या प्रत्येक अवयवाची चाहूल घेत स्तब्धता स्वतः घडवत असते.

आज्ञेचे शरीर

ज्या काळात रोममध्ये हे घडत होते, त्याच काळात युरोपातील व वसाहतींतील शाळांनी शरीराकडे निराळ्याच दृष्टीने पाहिले. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या संस्थेतून स्वीडिश व्यायामपद्धती युरोपभर पसरली. इंग्लंडच्या शिक्षण मंडळाच्या १९०९ च्या शारीरिक व्यायामाच्या अभ्यासक्रमावर तिचीच छाप आहे. रांग, आज्ञा, ताल आणि एकसमान हालचाल हे तिचे प्राण होते. हिंदुस्थानातील शाळांत आलेला 'ड्रिल' हा शब्द मराठीत 'कवायत' झाला तो लष्करी अर्थासकट. माँटेसरी यांनी अशा सामुदायिक व्यायामाला स्नायूंवरील सक्ती म्हणून नाकारले होते. कुंपणाच्या आडव्या गजांना धरून, पाय उचलून बाजूला सरकत जाणारी मुले त्यांनी पाहिली आणि छोट्या शरीराला पायांवरील भार काही काळ उतरवावासा वाटतो असा निष्कर्ष काढून तसेच कुंपण बालगृहात उभारले. आज्ञा देणारा शिक्षक आणि मुलाची हालचाल पाहून साधन घडविणारा शिक्षक, असे दोन मार्ग येथे स्पष्टपणे वेगळे होतात.

महाराष्ट्रापुरते पाहता हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे तालीम, मल्लखांब, लेझीम यांची जिवंत परंपरा होती. मल्लखांबावर उलटे लोंबकळणाऱ्या मुलाला आपले डोके कोठे आणि पाय कोठे याचे जे भान लागते, त्याची बरोबरी वर्गातील कोणतेही साधन करू शकणार नाही. लंगडी, फुगडी, झिम्मा, आंधळी कोशिंबीर, सागरगोटे या खेळांतही तोल व स्नायुसंवेदना यांचे शिक्षण आपोआप होत असे. सागरगोटा वर फेकून जमिनीवरचे गोटे उचलणारी मुलगी हाताकडे पाहत नाही. तिची नजर वर असते. या परंपरेचे वर्गाशी नाते मात्र जुळले नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत आणले, तर लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी यौगिक संघ व्यायामाची रचना केली. दोघांचे कार्य थोर आहे आणि शाळेच्या वेळापत्रकात देशी व्यायामाला मान मिळाला तो अशाच प्रयत्नांमुळे. तथापि शंभर मुलांना एका वेळी शिकवावयाचे म्हटले की आकडे आले, आज्ञा आल्या. ज्या आसनाचा गाभा अंतर्मुख होऊन शरीराची स्थिती न्याहाळणे हा आहे, ते मैदानावर 'एक, दोन, तीन, चार' झाले. संख्येचा हा रेटा समजून घेण्याजोगा आहे. त्यात हरवले काय, एवढीच येथे नोंद करावयाची आहे.

भावनगर ते बोर्डी

माँटेसरी विचार पश्चिम भारतात रुजला तो प्रथम भावनगर येथे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ पासून दादरच्या शिशुविहारात ताराबाईंनी हे कार्य मराठी मुलांसाठी चालविले. डॉ. माँटेसरी स्वतः १९३९ च्या अखेरीस मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे ही पद्धती देशभर परिचित झाली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक वळण १९४५ चे आहे. त्या वर्षी ताराबाईंनी तत्कालीन ठाणे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात गेले. दादरच्या मध्यमवर्गीय मुलासाठी आणलेली महाग साधने येथे परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शंख, शिंपले, खडे, पाने ही साधने झाली. हा बदल केवळ काटकसरीचा नव्हता. कारखान्यात बनलेल्या वजनाच्या पट्ट्यांत फरक मोजून ठेवलेला असतो. खड्यांच्या ढिगात तो मुलाला शोधावा लागतो. सर्वांत हलका, सर्वांत जड असा क्रम हातावर तोलून लावताना आकार फसवतो, मोठा दगड सच्छिद्र आणि हलका निघतो, लहान गोटा जड भरतो. येथे स्नायुसंवेदनेला डोळ्याशी वाद घालावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, अध्यापनाच्या दृष्टीने खड्यांचा ढीग पट्ट्यांच्या पेटीहून सरस आहे.

कोसबाडने आणखी एक प्रश्न उभा केला. झाडावर चढणारी, गुरांमागे डोंगर उतरणारी, ओढ्यातील दगडांवरून पलीकडे जाणारी मुले बालवाडीत आली तर त्यांना तोल सांभाळण्याचे काय शिकवावयाचे? शहरातील मूल रेघेवर चालून जे मिळविते ते या मुलांपाशी आधीच होते. शाळेनेच ते ओळखले नाही तर खाली मान घालून पाटीवर गिरवणारे मूल म्हणून त्यांची गणना 'मंद' अशी होणार, हे उघड होते. मुले शाळेकडे येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात व कुरणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. तिचा अर्थ सामान्यतः उपस्थितीच्या अंगाने सांगितला जातो. पण मुलाचे शरीर जेथे कुशल असते तेथून आरंभ करावा, असाही अर्थ त्यात आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. अंगण मात्र फारसे गेले नाही. बहुतेक ठिकाणी एक खोली गेली.

वर्धा येथे १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या मूलोद्योगी शिक्षणाचा उल्लेखही येथे करावयास हवा. टकळीवर सूत काढताना धागा तुटण्याआधीचा ताण बोटांना कळावा लागतो. वर्गातील स्नायुसंवेदनेचा याहून सूक्ष्म पाठ सापडणे कठीण. परंतु टकळीची चर्चा स्वावलंबन आणि उत्पादन या अंगांनी इतकी झाली की बोटांच्या ज्ञानाकडे कोणी वळले नाही.

तोलाच्या फळीवरून वाचनाकडे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेत हा विषय पुन्हा वर्गात आला, तो दोन वाटांनी. इंग्लंडमध्ये रुडॉल्फ लाबान यांच्या १९४८ च्या शैक्षणिक नृत्यावरील ग्रंथाने प्राथमिक शाळांच्या हालचालीच्या तासाला नवी भाषा दिली. कोणता अवयव, किती जोराने, कोणत्या दिशेला, कोणाच्या सोबतीने, अशी ती भाषा होती. त्यांच्या शिष्या व्हेरोनिका शेर्बोर्न यांनी ती अपंग मुलांसाठी साधी केली. पाठीला पाठ लावून रेटणे, जोडीदाराला पाळण्यासारखे झुलविणे, जमिनीवर घट्ट बसून 'मला हलवून दाखव' म्हणणे, गुडघ्यांकडे लक्ष देत चालणे, अशा या कृती असून त्यांना चटईपलीकडे साधन लागत नाही.

दुसरी वाट अमेरिकेची. पर्ड्यू विद्यापीठातील नेवेल केफार्ट यांचा, वर्गात मागे पडणाऱ्या मुलांविषयीचा ग्रंथ १९६० मध्ये आला. हालचालीचा पाया कच्चा राहिल्याने आकलन व वाचन अडते, सबब तोलाच्या फळीवर चालविल्यास वाचनाला मदत होईल, असा त्यातील युक्तिवाद होता. जीन एअर्स यांनी १९७२ मध्ये संवेदन-एकात्मतेचा सिद्धांत मांडला आणि तो व्यवसायोपचाराच्या क्षेत्रात जगभर गेला. मुंबईत कमला निंबकर यांच्या पुढाकाराने के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्येच व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झालेले असल्याने पुढे या सिद्धांताला येथेही जाणकार मिळाले.

प्रत्यक्ष पुराव्यांची छाननी झाली तेव्हा काय दिसले? केनेथ कव्हाले व डेनिस मॅट्सन यांनी १९८३ मध्ये १८० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून असा निष्कर्ष काढला की संवेदन-हालचाल प्रशिक्षणाचा परिणाम जवळजवळ शून्य आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये संवेदन-उपचारांविषयीचे संशोधन मर्यादित व अनिर्णित आहे असे सांगून पालकांना तसे स्पष्टपणे कळवावे, असा सल्ला दिला. या निवेदनाने असे उपचार सर्वस्वी निषिद्ध ठरविलेले नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे.

या निष्कर्षांनंतर अमेरिकन शाळांतील तोलाची फळी अडगळीत जाणे स्वाभाविक होते. वस्तुतः सिद्ध झाले ते एवढेच, की फळीवर चालल्याने वाचन सुधारत नाही. फळीवर चालल्याने फळीवर चालता येते की नाही, हा प्रश्न त्या वादात दुय्यम ठरला. वाचन हे वाचनानेच सुधारते. तोल हा तोलासाठी शिकावा. गणित शिकल्याने भूगोल सुधारत नाही म्हणून आपण गणिताचा तास बंद करीत नाही. शरीरभानाला मात्र हा न्याय लावला गेला, कारण त्याला स्वतःचे मोल आहे असे त्याच्या पुरस्कर्त्यांनीही ठामपणे म्हटले नव्हते. आज आपल्याकडील काही प्रशिक्षणवर्गांत 'मेंदूच्या दोन्ही बाजू जागृत करणाऱ्या' हालचालींचे जे दावे केले जातात, ते याच चुकीच्या पायावर उभे आहेत. अशा दाव्यांचा फोलपणा उघड झाला की त्यांच्याबरोबर चांगल्या कृतीही फेकल्या जातील, ही भीती निराधार नाही.

आजचे अभ्यासक्रम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर, २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोशांची संकल्पना घेतली असून शारीरिक विकासाला अग्रस्थान आहे. त्यातील उद्दिष्टांत इंद्रियसंवेदना तल्लख होणे हे एक आणि शरीर तंदुरुस्त व लवचीक होणे हे दुसरे, अशी मांडणी आहे. तोल व समन्वय यांचा उल्लेख दुसऱ्याखाली येतो. म्हणजे जाणणे एका रकान्यात आणि हलणे शेजारच्या रकान्यात, ही जुनी वाटणी थोड्याफार फरकाने येथेही टिकून आहे. आराखड्यातील हेतू उत्तम असले तरी पाठ्यक्रम आखणारा आणि त्यावरून नोंदवही भरणारा शिक्षक रकान्यांनुसारच विचार करतो.

आपल्या अध्यापक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाची प्रात्यक्षिके मैदानावर होतात, बालमानसशास्त्राची व्याख्याने वर्गात होतात आणि दोहोंचे परीक्षक वेगळे असतात. रेघेवर चालणे किंवा मौनाचा खेळ यांची गणना कोणत्या प्रात्यक्षिकात करावयाची, हा प्रश्न त्यामुळे कोणाच्याच वाट्याला येत नाही. छात्राध्यापकांनी एकदा स्वतः डोळे मिटून खड्यांचा क्रम लावावा, भरलेला पेला घेऊन रेघेवरून चालावे आणि त्यानंतरच पाठाचे टाचण लिहावयास बसावे, इतकी तरतूद विद्यमान तासिकांमध्येही करता येण्याजोगी आहे. त्यासाठी खडूची एक रेघ आणि ओंजळभर खडे लागतात.